रानभाजी महोत्सवात मोहाचं टेबल

महोत्सवाचा फोन आला तेव्हा मी धानाच्या बांधीत उभी होते. जुलैचा शेवटचा आठवडा, रोवणी ऐन भरात, हात कोपरापर्यंत चिखलात. फोन वहिनीच्या ओच्यात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला. तिनंच हात पुसून तो माझ्या कानाला लावला. तालुक्याला ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, रानभाजी महोत्सव आहे, तुमच्या गटाला एक टेबल देतो, काय आणाल, असं पलीकडून विचारत होते.

मी म्हटलं, "मोह."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, "मोहाचं काय?"

"खायचं," मी म्हटलं. "लाडू, पुऱ्या, राब."

"बघा बाई," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या रात्री गटाची बैठक बसली. आमचा गट अकरा बायांचा, गाव गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या पलीकडं, जंगलाला लागून. दिवसभर वाकून रोवणी करून आलेल्या बाया, कोणाला बसवत नव्हतं, तरी बैठक दोन तास चालली. वाद मोहावरूनच झाला. काही जणी म्हणाल्या, काटवल न्या, सात्या न्या, शहरातली माणसं त्यावर तुटून पडतात. ते खरंच आहे. श्रावणात वारुळावर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या, बाजारात पोचायच्या आधीच रस्त्यावर विकल्या जातात. पण सात्या निघाल्या तर निघाल्या, नाही तर नाही. मोह आमच्या ढोलीत, धान्य साठवायच्या कणगीत, भरलेला होता.

सगळ्यात जास्त विरोध अध्यक्षबाईंचा. त्यांचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं अर्धं आयुष्य घरातल्या दारूशी भांडण्यात गेलं. गावाबाहेर नाल्याकाठी भट्टी लागायची तेव्हा बायांना घेऊन जाऊन मडकी फोडणाऱ्या त्याच. त्या म्हणाल्या, "मोहाचं नाव घेतलं का लोकांले दारूच दिसते. आपण बाया टेबलावर मोह मांडून बसलो त काय म्हनतीन?"

माझ्या सासूबाई गटात नाहीत. त्या दारात बसून वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दारू मानसाच्या हातानं होते. झाडानं त फूलच देलं."

त्यावर अध्यक्षबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लाडू करा. पण चांगले करा. एकाही मानसानं तोंड वाकडं करू नये."

बाहेरच्या माणसाला हा वाद कदाचित मोठा वाटणार नाही, म्हणून थोडं सांगते. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. आमच्या गोंदियात जिल्ह्याची बंदी नाही, पण बायांनी मतदान करून दुकानाची बाटली आडवी केल्याच्या गोष्टी आम्ही गटाच्या मेळाव्यांमध्ये ऐकत आलोय. या सगळ्या लढ्यात मोहाचं फूल मधल्या मधे सापडलं. वर्षानुवर्षं मोहफुलं जवळ बाळगायला, इकडून तिकडं न्यायला कायद्याचे निर्बंध होते. सासूबाई सांगतात, बाजाराला मोहाचं बोचकं डोक्यावर घेऊन जाताना खाकी कपडा दिसला की त्या रस्ता सोडून बांधाबांधानं जायच्या. स्वतः वेचलेलं फूल, स्वतःच्या अंगणात वाळवलेलं, आणि चालणं चोरासारखं. २०२१ मध्ये शासनानं मोहफुलांचं संकलन, साठवण, वाहतूक यांच्यावरचे निर्बंध उठवले. मी ती बातमी त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे आता सडकेनं जाता येते?"

म्हणून मला मोहच न्यायचा होता. सडकेनं.

मोह वेचणं म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना थोडं दाखवते. मार्च-एप्रिलमध्ये झाडाची पानं झडतात आणि फांद्यांच्या टोकाला फुलांचे घोस लागतात. फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. तोडायचं नसतं, गळलेलंच वेचायचं. पिवळसर पांढरं, द्राक्षाएवढं, पाकळ्या मांसल, बोटात धरलं की रस लागतो. पहाटे चारला घर सोडावं लागतं, कारण ऊन चढलं की फूल मऊ पडतं आणि गाई-बकऱ्यांच्या आधी, हरणांच्या आधी पोचावं लागतं. अस्वलाच्याही आधी. अस्वलाला मोह फार आवडतो. आमच्याकडं त्या दिवसांत कोणी एकटं रानात जात नाही. चार-पाच जणी मिळून जातो आणि मोठ्यानं बोलत राहतो, म्हणजे जनावराला आपली चाहूल लागते. तरीही दर हंगामात आसपासच्या कुठल्या ना कुठल्या गावातून वाईट बातमी येतेच. सहा रुपयाच्या लाडवामागं ही पहाट आहे, हे मला टेबलावर बसल्यावर प्रत्येकाला सांगावंसं वाटत होतं.

पूर्वी झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायचे. त्यातून वणवे लागतात आणि जळक्या मातीचा वास फुलाला लागतो. गेली तीन वर्षं आम्ही जुन्या साड्या एकमेकींना शिवून झाडाखाली चार खुंट्यांना बांधतो. फूल साडीत पडतं, मातीला शिवत नाही. सकाळी साडीची चार टोकं उचलली की झालं. वेळही वाचतो, कंबरही.

मग वाळवण. ओलं फूल जवळजवळ सगळं पाणीच. टोपलीभर पसरलं तर चार-पाच दिवसांनी मुठीत मावेल असं होतं. रंग मनुकांसारखा लालसर तपकिरी, आणि वास... तो वास सांगता येत नाही. थोडा गुळाचा, थोडा ओल्या मातीचा, थोडा आंबण्याच्या काठावरचा. ज्यांच्या घरी दारूचं दुःख आहे त्यांना तो वास सहन होत नाही. अध्यक्षबाईंना होत नाही, हे मला लाडू करायला बसलो त्या दिवशी कळलं.

लाडवांचे आमचे दोन दिवस गेले. पहिली मेहनत निवडण्याची. वाळलेल्या फुलाच्या आत केसर असतं, ते काढलं नाही तर घशाला खवखवतं. सासूबाईंची पद्धत अशी: फुलं पोत्यावर पसरून हलक्या काठीनं ठोकायची, मग सुपात घेऊन पाखडायची. केसर हलकं, ते उडून जातं. जड फूल मागं राहतं. उरलेलं एकेक फूल दोन बोटांच्या चिमटीत धरून झटकायचं. त्यांच्या बोटांकडं बघत राहावं असं ते काम. नजर भलतीकडं, बोलणं भलतंच, आणि बोटं बरोबर त्या फुलावर थांबायची ज्यात खडा असेल.

निवडलेली फुलं कढईत मंद आचेवर कोरडी भाजली. ती फुगतात, चकाकतात, आणि मग घरभर कॅरमलच्या चॉकलेटसारखा वास येतो. माझी घाई नडली. फुलं गरम असतानाच मी ती मिक्सरमध्ये घातली. साखर गरम असली की चिकट होते, आणि वाळलेल्या मोहाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. दोन फेऱ्यांत भांड्यात डिंकासारखा गोळा झाला, पातं अडकलं, मोटरीतून जळका वास आला. मिक्सर वहिनीचा, माहेराहून आलेला. मला रडूच आलं. तिनं काही न बोलता भांडं गरम पाण्यात बुडवून ठेवलं आणि ओसरीवरचं उखळ ओढून आणलं. पुढचे सगळे मोह गार करून उखळात कुटले. मिक्सर दुसऱ्या दिवशी चालू झाला, पण लाडू उखळातलेच चांगले झाले हे सगळ्यांनी मान्य केलं. त्यात भाजलेले तीळ, भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट, थोडं जवस. गूळ अजिबात नाही, लागतच नाही. हाताला तेल लावून वळायचे, कारण गोळा तळहाताला धरून ठेवतो.

राब करायला रात्र लागते. फुलं रात्रभर भिजत घालायची, सकाळी त्याच पाण्यात उकळायची, धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि गाळलेलं पाणी चुलीवर आटवत ठेवायचं. ढवळणारी माणसं बदलत राहतात, चाटू थांबता कामा नये. दुपारपर्यंत पाण्याची काळपट मधासारखी राब होते. बोटांत धरून ओढली तर एक तार येते. तांदळाच्या आयत्यांवर, म्हणजे पातळ धिरड्यांवर, ही राब घालून खाणं हे माझ्या लहानपणीच्या पावसाळ्याचं सुख. आईकडं साखर महिन्यातून एकदा यायची. राब कायम असायची.

अध्यक्षबाई दोन्ही दिवस आल्या. पहिल्या दिवशी फुलं भाजायला घेतली आणि वास सुटला तशा त्या उठून अंगणात गेल्या. मी मागं गेले तर म्हणाल्या, "काही नाही, धूर लागला." थोड्या वेळानं परत येऊन लाडू वळायला बसल्या. त्यांचे लाडू सगळ्यात गोल. नाकाला पदर बांधून वळत होत्या, तरी एकही वाकडा नाही.

गटाची अन्नसुरक्षेची नोंदणी आम्ही आधीच करून ठेवली होती. आम्हाला तेव्हा वर्षाचे शंभर रुपये लागले. कोणाला टेबल लावायचं असेल तर हे काम महिनाभर आधी करून ठेवा, ऐन वेळी सेतू केंद्रात रांगेत उभं राहायची वेळ येते. डब्यांवर चिकटवायला कागद छापून आणले: पदार्थाचं नाव, काय काय घातलं, कधी केलं, किती दिवस टिकेल. हे छापताना गटातल्या दोन मुलींच्या बारावीच्या अभ्यासाचा खरा उपयोग झाला.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी सहाला काळी-पिवळीत बसलो. पाच जणी, तीन डबे, एक कॅन राब, आयत्यांच्या पिठाचा गंज, तवा, छोटा गॅस आणि वड्यांसाठी आदल्या संध्याकाळी तोडलेली कोचईची, म्हणजे अळूची, पानं. पाऊस होताच. तालुक्याच्या सभागृहात पोचलो तर टेबलं लागली होती आणि आमचं टेबल शोधायला पाच मिनिटं गेली. सगळ्यात शेवटी, साउंडबॉक्सच्या मागं, जिथून प्रवेशदार दिसतच नव्हतं.

आयोजकांपैकी एकानं आमची पाटी वाचली. "मोहफुलांचे पदार्थ." म्हणाला, ताई, पाहुणे येणार आहेत, फोटो निघणार आहेत, तेवढं मोह खोडून वनफुलांचे लाडू असं लिहा ना, भलताच अर्थ निघतो. मला काय बोलावं सुचेना. पण अध्यक्षबाई पुढं झाल्या. ज्या बैठकीत मोह नको म्हणत होत्या, त्याच. त्या म्हणाल्या, "भाऊ, मी या मोहाची भट्टी फोडली आहे. त्याचा अर्थ मले तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाटी अशीच राहीन." तो माणूस निघून गेला. पाटी तशीच राहिली. टेबलही तिथंच राहिलं, हे मात्र मनाला लागलं, ते मी लपवत नाही.

गर्दी जमायच्या आधी मी सगळी टेबलं फिरून आले. हे करायलाच हवं, कारण नंतर हलता येत नाही. काय नव्हतं तिथं! तरोट्याची कोवळी पानं, कुड्याच्या शेंगा, अंबाडी, केना, काटवलांचे हिरवेगार ढीग, धोप्याच्या पानांच्या वड्या, पातुरची भाजी, मटारूचे हाताएवढे कंद. एका आजीनं वास्ते आणले होते, बांबूचे कोवळे कोंब, चिरून पाण्यात घातलेले. विकत घेणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवून सांगत होती की हे तसेच फोडणीत टाकायचे नाहीत, दोन-तीन वेळा पाणी बदलून उकळायचे, ते पाणी फेकायचं, मग भाजी. कच्च्या कोंबात विष असतं. तिच्यापाशी उभी राहून मला वाटलं, रानभाजी विकताना ही माहितीही सोबत बांधून द्यायला हवी. शहरात गेलेल्या पिढीनं चव लक्षात ठेवलीय, कृती विसरलीय. दुसऱ्या एका टेबलावर लाखोळीच्या डाळीचे वडे आणि शेजारी भात, अगदी धानपट्ट्यातलं जेवण. तिथं मी दोन वडे खाल्ले आणि कृती विचारून घेतली.

अकरा वाजता माणसं यायला लागली. साउंडबॉक्समागून आम्हाला कोणी बघत नव्हतं. मग वहिनीनं तवा तापवला आणि पहिला आयता घातला. तांदळाच्या पिठाचा तव्यावर चरचर आवाज आणि वर राब, तो वास पाटीपेक्षा लांब गेला. लोक वास शोधत मागं आले.

सुरुवातीचे पाच-सहा पुरुष हसत आले आणि एकच प्रश्न विचारला, पहिल्या धारेची आहे का? कोणी मोठ्यानं, कोणी डोळा घालून. मी दरवेळी लाडू पुढं केला आणि म्हटलं, हे खाऊन बघा, मग विचारा. दोघांनी खाल्ला. एकानं पाव किलो बांधून घेतला, लेकीसाठी. बाकीचे गेले. वाईट वाटलं का? वाटलं. पण प्रत्येकाशी भांडत बसले असते तर तवा जळला असता.

दुपारी एक म्हातारे बाबा आले. धोतर, डोक्याला टापर, हातात छत्री. लाडू घेतला आणि खाल्ला नाही, नाकाशी धरून उभे राहिले. मग एकेक तुकडा तोडून इतक्या हळू खाल्ला की मागची रांग थांबली. म्हणाले, "बाई, आमच्या घरी आषाढात ढोलीतले तांदूळ सरत. नवं धान दिवाळीले. मधले चार महिने माय मोह शिजवे. मोह आन् मटारू. सात लेकरं होतो आम्ही, सातही जगलो." त्यांनी पैसे विचारले. आम्ही नको म्हटलं तर रागावले. दहाची नोट टेबलावर ठेवली, वर चार रुपये परत घेतले, आणि मोजून घेतले. आमच्याकडं कीव म्हणून लाडू नको होता त्यांना. तो मान त्यांनी आमच्या लाडवाला दिला.

त्यांच्यामागं रांगेत एक पोरगा उभा होता, पंचविशीतला. तो आमच्याच भागातला, नाशिककडं एका वाइनरीत तीन वर्षं काम करून परत आलेला. दारापाशी त्याचंही टेबल होतं, जांभळाच्या शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, बाटल्या आणि एक मोठा तक्ता. त्यानं राब चमच्यावर घेतली, उजेडाला धरली, वास घेतला, मग जिभेवर ठेवून डोळे मिटले. नाशिकला चव घेणारे असंच करतात म्हणाला. मग विचारलं, "काकू, फूल जमिनीवरून उचललं नाही ना?"

मी म्हटलं, साडीत झेललं.

"कळतंय," तो म्हणाला. "धुराचा वास नाही, मातीचा नाही, केसराचा कडूपणा नाही."

गर्दी ओसरल्यावर तीनच्या सुमाराला आम्ही त्याच्या टेबलापाशी गेलो. त्यानं तक्त्यावर बोट ठेवून समजावलं. फुलातली साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिचं अल्कोहोल आणि वायू करतात. तिथपर्यंत सगळं सारखंच. ते पाणी गाळून, थंड अंधाऱ्या जागी महिनोन् महिने मुरवलं की वाइन. त्यात अल्कोहोल शंभरात दहा-बारा भाग. तेच आंबवलेलं पाणी भट्टीवर चढवून वाफ थंड केली की दारू, आणि ती कितीतरी जास्त कडक. नाल्याकाठच्या भट्टीत तर नवसागर टाकतात, फूल सडलेलं असलं तरी चालतं, कारण पिणाऱ्याला चवीशी घेणंदेणं नसतं. वाइनला मात्र सडकं फूल चालत नाही. आणि त्याच वाइनला हवा लागू दिली, आणखी आंबू दिलं, की शिरका. "ज्या फुलाचा लाडू चांगला होतो, त्याच फुलाची वाइन चांगली होते," असं तो म्हणाला. त्याच्याकडं वाइनची बाटली नव्हती. परवान्याशिवाय ती करता येत नाही, ठेवता येत नाही, हे त्यानं आपणहून सांगितलं. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोहफुलं, काजूबोंडं यांच्या मद्याला देशी न म्हणता विदेशी मद्याच्या वर्गात घालायचं ठरवलं, आणि त्याच सुमाराला शेजारच्या मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली, हेही सांगितलं. म्हणाला, उद्या मोठ्या शहरातल्या हॉटेलात मोहाची वाइन जेवणाबरोबर येईल. आपल्याकडच्या आयत्यांबरोबर, सुकटीबरोबर ती कशी लागेल, याचाही त्यानं विचार करून ठेवला होता.

मी अध्यक्षबाईंकडं बघत होते. मला वाटलं, आता उठतील. त्या उठल्या नाहीत. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत बोटानं वाचला. वाचायला त्या साठीला आल्यावर शिकल्या, गटाच्या वह्या तपासता याव्यात म्हणून. मग विचारलं, "फूल आमचं. बाटली कोनाची?"

पोराला उत्तर द्यायला वेळ लागला. त्यानं खोटं सांगितलं नाही याचं मला बरं वाटलं. म्हणाला, टाक्या, परवाना, शीतगृह, तपासणी, हे एका गटाला झेपणार नाही. बाटली ज्याच्याकडं पैसा त्याची. पण फूल स्वच्छ असेल तर भाव तुम्ही सांगायचा, त्यानं नाही. आणि बाटली तुम्हाला नको असेल तर नका जाऊ त्या वाटेला, लाडवाला पुष्कळ गिऱ्हाईक आहे.

"माह्या हातचं फूल बाटलीत जानार नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. जोरात नाही, सरळ. मग माझ्याकडं वळून, "बाकीच्यांनी आपलं ठरवावं. गटात मतदान घेऊ." आणि त्याच्याकडून शिरक्याची एक बाटली विकत घेतली. तो पैसे घेत नव्हता. त्यांनी घ्यायला लावले.

मला स्वतःला काय वाटतं ते मी मतदानाच्या दिवशी सांगेन. अजून माझं पुरतं ठरलेलं नाही. चांगल्या फुलाला चांगला भाव मिळणार असेल तर पहाटे अस्वलाच्या रानात जाणाऱ्या बाईला तो नाकारायचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न आहे. आणि भाजण्याच्या वासानं अध्यक्षबाई उठून अंगणात गेल्या, तो दिवसही डोळ्यांसमोरून हलत नाही.

चार वाजता पाहुणे आले. भाषणं झाली, साउंडबॉक्स आमच्या कानाशीच असल्यानं एकही शब्द चुकला नाही. रानभाज्यांबद्दल चांगलं बोलले. फोटोसाठी पुढच्या टेबलांपाशी थांबले, मागं कोणी आलं नाही. पण तोपर्यंत आमचे लाडू संपले होते. आयत्यांचं पीठ संपलं होतं. कॅनच्या तळाला थोडी राब होती, ती वास्तेवाल्या आजीनं द्रोणात मागून घेतली आणि बदल्यात आम्हाला उरलेले वास्ते दिले. तालुक्यातल्या एका शाळेच्या बाईंनी नंबर घेतला. शाळेत मुलांना शनिवारी काहीतरी पौष्टिक द्यायचंय, दीडशे लाडू देता येतील का, असं विचारलं. मी हो म्हणून टाकलं, मग हिशोब सुरू केला.

गाडीत बसल्यावर मांडीवर वही घेतली. चारशे वीस लाडू, सहा रुपयांप्रमाणे पंचवीसशे वीस. आयते आणि राब मिळून सतराशे साठ. वड्या सहाशे. तीळ, शेंगदाणे, गॅस, गाडीभाडं, छपाई वजा जाता अकरा जणींच्या वाट्याला प्रत्येकी दोनशेच्या आसपास. रोवणीची दोन दिवसांची मजुरी सोडून पाच जणी आलेल्या, त्यांना जास्त द्यायचं ठरलं. पुढच्या वेळी लाडू दहा रुपयाला लावायचा, हेही गाडीतच ठरलं.

घरी पोचलो तर अंधार पडला होता. सासूबाई ओसरीवर वाट बघत बसलेल्या. डबे हलके दिसले तसं त्यांनी काहीच विचारलं नाही. मी म्हटलं, दीडशे लाडवांची मागणी आहे. त्या उठल्या, कंदील घेतला, ढोलीपाशी गेल्या, हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळ चाचपला.

"तीन पायल्या निंगतीन," म्हणाल्या. "दोन दे. एक बियाच्या धानासारखी राहू दे घरात. आखाडात लागते."

"आता कुठं लागते, माय," वहिनी म्हणाली, "आता रेशन आहे."

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि सूप शोधायला आत गेल्या.